माहिती जाईल तिथे जबाबदारीही जावी
(प्रस्तावना)

जानेवारी २०१३ मध्ये गोव्यात वास्को येथील एका शाळेत सात वर्षांच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाला. सगळे राज्य हादरले आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. घटनास्थळी बोटांचे ठसे मिळाले होते, पण ते कोणाचे हे कळत नव्हते. दरम्यान आधार नोंदणीच्या निमित्ताने गोव्यातल्या रहिवाशांचे ठसे सरकारच्याच दुसऱ्या एका यंत्रणेकडे जमा झाले होते. ते ताडून पाहावेत अशी तपासयंत्रणेची मागणी होती, आणि स्थानिक न्यायदंडाधिकाऱ्यांनी गोव्यात नोंदणी झालेल्या सर्वांची माहिती देण्याचा आदेश दिला. आधार प्राधिकरणाने त्याला विरोध केला. लोकांनी ही माहिती गुन्ह्याच्या तपासासाठी दिलेली नाही; शिवाय घटनास्थळी उमटलेला अर्धामुर्धा ठसा लाखो ठशांशी ताडण्यासाठी आमची यंत्रणा बनलेली नाही, तसे केल्यास निर्दोष माणसे संशयात अडकतील, असे प्राधिकरणाने सांगितले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाकडून सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ मार्च २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला, की संबंधित व्यक्तीच्या लेखी संमतीशिवाय तिची जैवमापन माहिती प्राधिकरणाने कोणत्याही यंत्रणेला देऊ नये.

या वादात दोन्ही बाजूंना सरकारच उभे होते, आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे गंभीर होते. एका लहान मुलीवरच्या अत्याचाराचा छडा लावणे हे राज्यसंस्थेचे पहिले कर्तव्य आहे. पण त्यासाठी राज्यातल्या प्रत्येक माणसाला संशयितांच्या रांगेत उभे करायचे का, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. या प्रश्नाचे उत्तर देणारा कायदा तेव्हा अस्तित्वातच नव्हता, ही खरी अडचण होती. आधार कायदा आला २०१६ मध्ये. माहिती गोळा झाली होती, मागणारा होता, मागण्याचे कारणही होते. पण कोणती माहिती, कोणत्या कामासाठी, कोणाच्या अधिकाराने द्यायची आणि चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा, हे कुठेच ठरलेले नव्हते. प्रस्तुत पुस्तक या न ठरलेल्या गोष्टींविषयी आहे. गुन्हे रोखण्यासाठी सरकारी खात्यांनी नागरिकांची वैयक्तिक माहिती एकमेकांना द्यावी की देऊ नये, या प्रश्नावर बाजू घेऊन फारसे काही हाती लागत नाही. माहिती ज्या खात्याकडे जाईल त्या खात्याकडे तिची जबाबदारीही गेली पाहिजे, आणि ती जबाबदारी आधीच कायद्याने ठरलेली असली पाहिजे, हा या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा आहे. असे झाले तर गुन्हेही अधिक रोखले जातात आणि माणसेही कमी भरडली जातात. याला पुरावे आहेत.

आधी या विषयाचा पसारा पाहू. आपल्याविषयीची माहिती सरकारदरबारी किती ठिकाणी विखुरलेली असते! आरटीओकडे वाहन आणि पत्ता, तलाठ्याकडे सातबारा, शिधापत्रिकेत कुटुंब, आयकर खात्याकडे उत्पन्न, जिल्हा रुग्णालयात केसपेपर, शाळेत मुलाची हजेरी, पोलीस ठाण्यात तक्रार, तुरुंगात आवक-जावक. प्रत्येक माहिती वेगळ्या कामासाठी घेतलेली असते, आणि देणाऱ्याने ती त्या कामापुरती दिलेली असते. गुन्हेगारीच्या संदर्भात ती एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाते ती मुख्यतः चार प्रकारे. पहिला प्रकार तपासाचा: गुन्हा घडला आहे, ठराविक व्यक्तीवर संशय आहे आणि तिची ठराविक माहिती हवी आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली दस्तऐवज मागवले जातात ते याच प्रकारात. दुसरा प्रकार संरक्षणाचा: कोणाच्या तरी जिवाला धोका आहे आणि त्या व्यक्तीला ओळखणाऱ्या खात्यांनी एकमेकांशी बोलणे गरजेचे आहे. तिसरा प्रकार नकाशाचा: त्यात नाव-गाव लागतच नाही, गुन्हे कुठे, कधी, कशाने घडतात एवढेच कळले तरी पुरते. चौथा प्रकार जाळे टाकण्याचा: संशयित कोण हे ठाऊक नसते, म्हणून लाखो लोकांची माहिती एकत्र करून त्यातून संशयित शोधला जातो. या चारही प्रकारांना सरसकट एकच नाव दिल्याने आपल्या चर्चेत गोंधळ होतो. चौथ्या प्रकाराच्या समर्थनासाठी पहिल्याची उदाहरणे दिली जातात, आणि चौथ्याच्या भीतीपोटी दुसरा अडवला जातो. वास्कोत मागणी आली ती पहिल्या प्रकारच्या भाषेत, प्रत्यक्षात ती होती चौथ्या प्रकारची.

हिंदुस्थानात या विषयाचा इतिहास संगणकापासून सुरू होत नाही. बोटांच्या ठशांचे जगातले पहिले कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात उघडले. ठशांची वर्गवारी करण्याची जी पद्धत पुढे एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्या घडणीत अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय पोलीस अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. ती पद्धत एका व्यक्तीच्या ओळखीवर उभी होती, म्हणून ती न्यायालयात टिकली. पण त्याच्या आधीच, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला होता. त्यात नोंद व्यक्तीच्या कृत्याची होत नसे, तिच्या जन्माची होत असे. १९११ नंतर हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागू लागली. गाव सोडायचे तर परवाना लागे. अशा जमातींना डांबून ठेवण्यासाठी सोलापुरात उभारलेल्या सेटलमेंटभोवतीच्या काटेरी तारेने हा कायदा महाराष्ट्राच्या स्मरणात कायमचा कोरला. १९५२ मध्ये कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त ठरल्या, तरी नोंदवह्यांतली सवय गेली नाही. सराईत गुन्हेगारांविषयीच्या नव्या कायद्यांतून आणि पोलीस ठाण्यातल्या हिस्ट्री शीटमधून, म्हणजे सराईत मानलेल्यांच्या नोंदपत्रांतून, ती टिकून राहिली. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले, की मागास आणि विमुक्त जमातींच्या निरपराध माणसांची नावे केवळ पूर्वग्रहातून हिस्ट्री शीटमध्ये येत असल्याचे दिसते, ते थांबवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकानाच काढून टाकायला लावला. ज्यांना हा इतिहास माहीत आहे ते डिजिटल नोंदीकडे निर्धास्तपणे पाहू शकत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. चुकीची नोंद वहीत असते तेव्हा तिचा त्रास एका ठाण्याच्या हद्दीपुरता असतो. तीच नोंद जाळ्यात आली की ती देशभर आणि आयुष्यभर त्या माणसामागे लागते.

दुसऱ्या बाजूचा इतिहासही तितकाच बोलका आहे. १९८६ मध्ये राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग स्थापन झाला, तरी एका राज्याच्या पोलिसांना शेजारच्या राज्यातल्या गुन्ह्याची खबर मिळणे बराच काळ पत्रव्यवहारावर आणि ओळखीपाळखीवर अवलंबून होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर हे चित्र बदलू लागले. २००९ मध्ये केंद्राने सीसीटीएनएस या प्रकल्पाला सुमारे २,००० कोटी रुपयांची मंजुरी दिली, आणि देशभरातली पोलीस ठाणी एका जाळ्यात जोडण्याचे काम सुरू झाले. गुप्तचर आणि तपास यंत्रणांना वेगवेगळ्या नोंदी एकत्र पाहता याव्यात यासाठीच्या नॅटग्रिड या जाळ्याची कल्पनाही त्याच काळातली. पोलीस, न्यायालये, तुरुंग, सरकारी वकील आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांना जोडणाऱ्या आयसीजेएस प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यासाठी २०२२ मध्ये ३,३७५ कोटी रुपये मंजूर झाले. यातून होणारा फायदा काल्पनिक नाही. जामिनाचा आदेश न्यायालयातून तुरुंगात वेळेवर पोचला नाही की माणूस विनाकारण आत राहतो. आरोपीवर दुसऱ्या जिल्ह्यात कोणते गुन्हे आहेत हे न कळल्याने न्यायाधीशांसमोर अपुरे चित्र जाते. माहिती अडून राहिल्यानेही माणसांवर अन्याय होतो, हे खासगीपणाचा कैवार घेणाऱ्यांनी मनापासून मान्य केले पाहिजे.

या विषयात सर्वांत दीर्घ आणि सर्वांत तपशीलवार अनुभव ब्रिटनचा आहे. म्हणून या पुस्तकात तो पुन्हा पुन्हा येतो. १९९८ या एकाच वर्षात तिथे तीन कायदे झाले. गुन्हे व अव्यवस्थेविषयीच्या कायद्याने पोलीस आणि स्थानिक प्रशासनाला मिळून गुन्हे कमी करण्याची जबाबदारी दिली आणि कलम ११५ ने त्यासाठी एकमेकांना माहिती देण्याचा अधिकार दिला. माहिती संरक्षण कायद्याने त्या माहितीला मर्यादा घातल्या. मानवाधिकार कायद्याने खासगी जीवनाचा हक्क देशातल्या न्यायालयांत आणला. कागदावर तिन्हींचा मेळ होता. व्यवहारात मात्र काय झाले ते सोहम गावातल्या प्रकरणाने दाखवले. ऑगस्ट २००२ मध्ये तिथे दोन शाळकरी मुलींचा खून झाला. खुनी शाळेचा रखवालदार होता. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या परगण्यात काही वर्षांत लैंगिक गुन्ह्यांच्या अनेक तक्रारी आल्या होत्या, पण नोकरीआधीच्या पडताळणीत त्यातले काहीच पुढे आले नाही. तिथल्या पोलिसांनी माहिती संरक्षण कायद्याकडे बोट दाखवले. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीने २००४ मध्ये हे म्हणणे फेटाळले. दोष कायद्याचा नव्हता. नोंदी कशा ठेवायच्या, किती काळ ठेवायच्या, कोणाला कळवायच्या याची नीट पद्धतच नव्हती, आणि कायदा न वाचताच त्याची धास्ती घेतली गेली होती. माहिती अडते ती बहुधा कायद्याने नव्हे, कायद्याविषयीच्या अज्ञानाने, हा धडा आपल्याकडच्या कुठल्याही खात्याला लागू पडेल.

उलट्या बाजूची चूकही त्याच देशात झाली. २०११ च्या दंगलींनंतर लंडनच्या महानगर पोलिसांनी टोळ्यांशी संबंध असल्याचा संशय असलेल्यांची 'गँग्ज मॅट्रिक्स' नावाची यादी तयार केली. २०१८ मध्ये माहिती आयुक्तांच्या चौकशीत दिसले, की त्या यादीत गुन्हा करणारा आणि गुन्ह्याला बळी पडलेला यांत स्पष्ट फरक केलेला नव्हता, आणि यादी हवी तशी वाटली जात होती. पूर्व लंडनच्या न्यूहॅम परिषदेत नेमके काय घडले ते पाहा. जानेवारी २०१७ मध्ये एका कर्मचाऱ्याने २०३ जणांच्या जन्मतारखा, घरचे पत्ते आणि कथित टोळ्या असलेली संपूर्ण यादी, काहीही न झाकता, ४४ जणांना ईमेलने पाठवली. पुढे त्या यादीची छायाचित्रे स्नॅपचॅटवरून प्रतिस्पर्धी टोळ्यांतल्या मुलांपर्यंत पोचली. ज्या मुलांना हिंसेपासून दूर ठेवायचे होते त्यांचे पत्तेच त्यांच्या शत्रूंच्या हाती पडले. परिषदेला १,४५,००० पौंडांचा दंड झाला आणि २०२४ मध्ये ती यादीच बंद करण्यात आली. सोहममध्ये द्यायला हवी ती माहिती दिली गेली नाही, न्यूहॅममध्ये देऊ नये ती दिली गेली. दोन्हीकडे उणीव एकच होती: माहितीची जबाबदारी नेमकी कोणावर, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

आणि याच ब्रिटनमध्ये, वेल्सच्या राजधानीत, या विषयातला सर्वांत आश्वासक प्रयोग झाला. कार्डिफच्या रुग्णालयात जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या जखमांवर शस्त्रक्रिया करणारे प्राध्यापक जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आले, की मारामारीत जखमी होऊन येणाऱ्या अनेक रुग्णांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग अपघात विभागात नाव लिहून घेणाऱ्या कर्मचाऱ्याने जखमीला आणखी काही प्रश्न विचारायचे ठरले: मारहाण कुठे झाली, कधी झाली, कशाने झाली. रुग्णाचे नाव काढून ही माहिती ठराविक काळाने पोलिसांना आणि नगर परिषदेला दिली जाई. त्यावरून गस्तीच्या जागा बदलल्या, दारूच्या दुकानांवरची देखरेख बदलली, गर्दीच्या रस्त्यांची रचना बदलली. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कार्डिफमध्ये हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण तशाच इतर शहरांच्या तुलनेत ४२ टक्क्यांनी कमी झाले. यात एकाही रुग्णाचे नाव पोलिसांना कळवले गेले नाही. रुग्णांचा डॉक्टरवरचा विश्वास टिकला, म्हणूनच तर ते खरे उत्तर देत राहिले. गुन्हे कमी करण्यासाठी जास्त माहिती लागते असे आपण गृहीत धरतो. कार्डिफने नेमकी माहिती लागते हे दाखवले.

या आणि इतर देशांतल्या अशाच अनुभवांतून विचारांच्या तीन मुख्य परंपरा घडल्या. पहिली परंपरा एकत्रीकरणाची. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या अमेरिकी आयोगाने यंत्रणांमधल्या भिंतींवर बोट ठेवले आणि माहिती राखून ठेवण्याऐवजी वाटून घेण्याची संस्कृती हवी असे सांगितले. २६/११ नंतरचे आपले बहुतेक प्रकल्प याच विचाराचे. दुसरी परंपरा हक्कांची, आणि तिचे माहेर जर्मनी. १९८३ मध्ये जनगणनेच्या प्रकरणात तिथल्या घटना न्यायालयाने ठरवले, की आपल्याविषयीची माहिती कोणी कशी वापरावी हे ठरवण्याचा अधिकार मूलतः माणसाचा स्वतःचा आहे. नाझी राजवटीतल्या गुप्त पोलिसांचा अनुभव घेतलेल्या त्या देशाने पुढे २०१३ मध्ये पोलीस आणि गुप्तचर यंत्रणा यांच्यातली माहितीची देवाणघेवाण हा अपवाद असावा, नियम नव्हे, असेही सांगितले. तिसरी परंपरा सार्वजनिक आरोग्याची, म्हणजे कार्डिफची: हिंसेकडे साथीच्या रोगासारखे पाहायचे, तिचे ठिकाण आणि कारण शोधायचे. पहिलीकडे तातडी आहे, दुसरीकडे संयम आहे, तिसरीकडे पुरावा आहे. आपल्याकडच्या वादात पहिली आणि दुसरी एकमेकींसमोर उभ्या ठाकतात आणि तिसरीची आठवणही कोणाला होत नाही. तिन्हींना एकत्र आणणारा धागा कायदाच पुरवू शकतो.

तो कायदा भारतात तुकड्यातुकड्यांनी घडला आहे. २००४ च्या कॅनरा बँक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की बँकेकडे दिलेल्या कागदपत्रांवरचा माणसाचा खासगीपणाचा हक्क ती बँकेच्या ताब्यात गेल्याने संपत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. या हक्कात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू वैध हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २०१८ च्या आधार निकालाने सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याच्या निर्देशावरून राष्ट्रीय सुरक्षेसाठी माहिती देण्याची तरतूद रद्द केली. आपल्या जुन्या कायद्यांतही या विषयाचे शहाणपण विखुरलेले आहे. १९४८ च्या जनगणना कायद्याने जनगणनेच्या नोंदी कोणालाही तपासायला बंद केल्या आणि पुराव्यातूनही वगळल्या, कारण माणसे न घाबरता खरे सांगतील तरच जनगणना खरी होते. आयकर कायद्यात इतर खात्यांना माहिती कोणी आणि केव्हा द्यायची याची वाट आखलेली आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात संरक्षण अधिकाऱ्याने घटनेचा अहवाल दंडाधिकाऱ्यांना द्यायचा आणि त्याची प्रत पोलीस ठाण्याला पाठवायची, हे नेमून दिलेले आहे. बाल न्याय कायद्याने मुलाच्या दोषसिद्धीच्या नोंदी सर्वसाधारणपणे नष्ट करायला सांगितले. आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक फार नाजूक गाठ सोडवली. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याखाली डॉक्टरने पोलिसांना कळवणे सक्तीचे आहे. पण संमतीच्या संबंधांतून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी त्या भीतीने रुग्णालयातच येत नाही आणि कुठे तरी जीव धोक्यात घालते. न्यायालयाने सांगितले, की मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने खबर द्यावी, पण तिची ओळख उघड करू नये. खबर जावी, नाव जाऊ नये, हा मार्ग शोधला तर सापडतो.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप पोलिसांचा: प्रत्येक वेळी कायदा, हेतू, परवानगी पाहत बसलो तर गुन्हेगार पळून जाईल. याला उत्तर सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकाच्या हेल्पलाइनच्या कामकाजातच आहे. फसवणूक झालेला माणूस फोन करतो, घेणारा व्यवहाराचा तपशील यंत्रणेत भरतो, तो लगेच संबंधित बँकेकडे जातो, पैसे अजून खात्यात असतील तर बँक ते रोखते, पुढे गेले असतील तर पुढच्या बँकेला कळवते. हा वेग येतो तो कोणी कोणाला काय कळवायचे हे आधीच ठरलेले असल्याने. वाट आखलेली असली की चालणारा अडत नाही. आणि जिथे वाटेची मर्यादा आखली गेली नाही, तिथे त्याच यंत्रणेने त्रास दिला: काही हजारांच्या संशयास्पद रकमेसाठी निर्दोष व्यापाऱ्यांची अख्खी खाती गोठली. केरळ उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये बँकांना सांगावे लागले, की गोठवणे पोलिसांनी कळवलेल्या रकमेपुरतेच ठेवा. दुसरा आक्षेप सर्वसामान्य माणसाचा: मी काही चुकीचे केलेले नाही, मग मला कशाची भीती? पण खाते गोठलेल्या त्या व्यापाऱ्याने तरी काय चुकीचे केले होते? मर्यादा निर्दोष माणसासाठीच असतात, कारण चुकीच्या नोंदीचा फटका त्यालाच बसतो आणि तिची त्याला खबरही नसते. तिसरा आक्षेप हक्कवाद्यांचा: एकदा दार किलकिले झाले की ते सताड उघडतेच, म्हणून देवाणघेवाण नकोच. ही भीती इतिहासातून आलेली आहे, तिचा मान राखला पाहिजे. पण नकार दिल्याने देवाणघेवाण थांबत नाही. ती फोनवर, व्हॉट्सॲपवर, ओळखीने होत राहते आणि तिचा मागमूस राहत नाही. लेखी विनंती, तिचे कारण, देणाऱ्याची सही आणि ठराविक मुदतीनंतर माहिती पुसल्याची नोंद, एवढ्या गोष्टी असल्या तरच नंतर कोणाला तरी जाब विचारता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फोन टॅपिंगचे बेकायदा आदेश रद्द करून त्यातून मिळालेले संभाषण नष्ट करायला सांगितले, ते लेखी आदेश समोर होते म्हणूनच.

हे सारे आजच बोलायला हवे, याची कारणे आपल्या समोर आहेत. २०२२ च्या ओळखविषयक कायद्याने अटक झालेल्यांची मापे, ठसे, डोळ्यांच्या प्रतिमा घेऊन त्या ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये पोलिसांच्या कामात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्यासाठी 'मार्वल' ही कंपनी स्थापन केली. विखुरलेल्या नोंदी जोडून अंदाज बांधणे आता माणसाच्या आवाक्याबाहेरच्या वेगाने होऊ शकते, आणि म्हणून चौथा प्रकार, जाळे टाकण्याचा, सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोहाचा झाला आहे. नेदरलँड्समध्ये अनुदानातली फसवणूक शोधण्यासाठी अनेक खात्यांच्या नोंदी एकत्र करणारी 'सिरी' ही यंत्रणा हेगच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये बेकायदा ठरवली, कारण ती माणसांना कशाच्या जोरावर संशयित ठरवते हे कोणालाच तपासता येत नव्हते. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले. पण त्याच्या कलम १७ ने गुन्ह्यांचा प्रतिबंध आणि तपास यांसाठीच्या वापराला बहुतेक कर्तव्यांतून सूट दिली आहे, आणि केंद्राने अधिसूचित केलेल्या यंत्रणांना तर या कायद्याच्या बाहेरच ठेवता येते. माहिती सुरक्षित ठेवण्याचे कर्तव्य तपासाच्या कामातही कायम ठेवले आहे, हे चांगले. पण सुरक्षित ठेवणे वेगळे आणि योग्य कामापुरती वापरणे वेगळे. ब्रिटनने २०१८ च्या कायद्यात पोलिसी कामासाठी स्वतंत्र भाग लिहून त्यांनाही हेतूची, अचूकतेची आणि मुदतीची बंधने घातली. तपासाच्या गरजा वेगळ्या असतात हे मान्य करूनही तपासयंत्रणेला नियम देता येतात. आपल्याकडे मात्र नियमाच्या जागी सूट आली.

या पुस्तकाचा प्रयत्न ती रिकामी जागा नीट दाखवण्याचा आहे. त्यात कायद्याचे विश्लेषण आहे, तसेच पोलीस ठाणे, रुग्णालय, संरक्षण अधिकारी आणि तुरुंग यांच्यामधली माहितीची प्रत्यक्ष ये-जा कशी चालते याचा शोध आहे. ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेचे अनुभव आहेत, तसेच विमुक्त जमातींच्या नोंदींचा इतिहासही आहे. विषय मराठीत मांडण्यामागे एक स्पष्ट भूमिका आहे. हे निर्णय दिल्लीत आखले जातात, पण अमलात येतात ते तालुक्याच्या ठिकाणी. जिल्हा रुग्णालयातला लिपिक, ठाण्यातला मुन्शी, पंचायतीतली ग्रामसेविका यांच्यासमोर जेव्हा 'साहेबांनी मागितली आहे' एवढ्याच आधारावर एखाद्याची माहिती मागितली जाते, तेव्हा काय द्यायचे, काय नाकारायचे आणि काय लिहून ठेवायचे हे त्यांना त्यांच्या भाषेत कळले पाहिजे. वकील, पत्रकार आणि कार्यकर्त्यांना हे पुस्तक उपयोगी पडेल. पण ज्यांच्या हातून माहिती प्रत्यक्ष पुढे जाते त्या कर्मचाऱ्यांपर्यंत ते पोचावे, ही त्याहून मोठी इच्छा आहे.

वाचकाने या पुस्तकातला प्रत्येक लेख वाचताना चार प्रश्न हाताशी ठेवावेत. माहिती कोणत्या कामासाठी दिली जात आहे? त्या कामाला नाव-गाव खरेच लागते का? ती देण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने, कोणाला दिला आहे? आणि ज्याची माहिती गेली त्याला चूक दुरुस्त करून घेण्याची वाट आहे का? या चार प्रश्नांची उत्तरे जिथे मिळतात तिथे खात्यांनी संकोच न करता माहिती द्यावी, कारण तिथे गप्प राहणे म्हणजे कोणाला तरी संकटात सोडणे आहे. जिथे ती मिळत नाहीत तिथे कितीही मोठ्या अधिकाऱ्याने मागितली तरी देऊ नये. हे ठरवण्याचा भार आज एकेकट्या कर्मचाऱ्याच्या विवेकावर पडतो. तो विधिमंडळाने आणि संसदेने उचलला पाहिजे, आणि त्यांनी तो उचलावा यासाठी नागरिकांनी हा विषय तज्ज्ञांवर सोडून न देता स्वतः समजून घेतला पाहिजे.